अडीच बिड्यांचा दम

शिरूरच्या सुभानभाईंची बिर्याणी खाल्ली नाही असा माणूस घोडनदीच्या काठाला शोधून दाखवा! लग्न कुणाचंही असो, डेगीपाशी सुभानभाईच. कणकेनं झाकण लिंपायचं, वर निखारे टाकायचे आणि शेजारी उकिडवं बसून बिडी पेटवायची. पहिली संपली, दुसरी संपली, तिसरी निम्म्यावर आली की गडी उठणार. दम झाला! तीस वर्षांत मनगटाला घड्याळ लावलं नाही आणि एक शीत करपलं नाही.

पण बिड्या काही अडीचवर थांबत नव्हत्या, हीच तर मेख. दिवसाला दीड बंडल. अठ्ठ्याण्णव साली दौंडच्या एका लग्नात बेंबीच्या वर अशी कळ उठली, की सुभानभाई डेगीशेजारीच आडवे झाले. कळ पार पाठीत. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, "दारू किती घेता?" जन्मात थेंब न शिवलेल्या माणसाला हे विचारायचं म्हणजे थोबाडीत मारल्यासारखंच की! "मग बिडी?" सुभानभाईंनी खिशातलं बंडल काढून पुढं ठेवलं. डॉक्टर म्हणाले, "स्वादुपिंडाला सूज आहे. बिडीनंही येते. आता बिडी बंद, तेलतूप बंद. पुढच्या वेळी मी हमी देणार नाही."

तीन वर्षं पाळलं बिचाऱ्यानं. दुनियेला मटण वाढायचं आणि आपण मुगाची पातळ खिचडी खायची. मटणाचं काही नाही हो, जीव तुटायचा तो बिडीसाठी. बोटं आपोआप खिशाकडं जायची आणि रिकामी परत यायची. वर दमाचा अंदाज गेला तो गेलाच. घड्याळ लावून पाहिलं, पण काटा बघायला गेलं की डेगीचा आवाज ऐकू यायचा नाही. पाटसच्या लग्नात खालचा थर पार कोळसा झाला. मग बोलावणी आटली.

अशात लेकीचं, आसमीनचं लग्न ठरलं, दौंडच्या मुलाशी. बायको अकिला म्हणाली, दुसरा आचारी बघू. सुभानभाई उसळले, "माझ्या लेकीच्या ताटात दुसऱ्याच्या हातचं? न्हाई जमायचं!" आसमीननं एकच मागितलं. "अब्बा, डेग लावा, पन बिडी शिवायची न्हाई. माझी पोरं बघायला तुम्ही पायजेत." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून कबूल केलं.

लग्नादिवशी झाकण लिंपलं आणि सुभानभाईंची बोटं पुन्हा रिकाम्या खिशाकडं गेली. वीस वर्षं त्यांची चूल सांभाळणारा खंडू म्हणाला, "भाई, मी वढतो, तुमी मोजा." युक्ती बरी होती. पण हा पठ्ठ्या चार झुरक्यांत बिडी संपवणारा! त्याचा कसला हिशोब लागतोय? त्यात धूर आला नाकाशी. सुभानभाईंनी त्याच्या बोटांतली बिडी हिसकावलीच. काय सांगू, पहिल्या झुरक्याला डोळ्यांत पाणी आलं माणसाच्या! तिसरी निम्म्यावर आली, डेग उतरली. पण हात मात्र थांबला नाही. पंगती उठेपर्यंत खंडूचं अख्खं बंडल संपलं.

बिर्याणी? शीत न् शीत मोकळं! दौंडकर बोटं चाटत उठले. कितीक दिवसांनी सुभानभाईंचं नाव पुन्हा तोंडोतोंडी झालं.

पाठवणीला आसमीन गळ्यात पडली आणि तेवढ्यात ती जुनी कळ आली. सुभानभाई कमरेतून वाकले. बाया म्हणाल्या, बापाचं काळीज हाय, तुटनारच. त्यांनीही तसंच समजू दिलं. पण आसमीनला वास आला होता. तिनं तोंडावरची ओढणी मागं सारली, नवऱ्याला हाक मारली आणि दोघांनी मिळून बापाला फुलांनी सजवलेल्या जीपमध्ये चढवलं. "आधी दवाखाना," ती ड्रायव्हरला म्हणाली.

वाटेत घामानं भिजलेलं डोकं तिच्या खांद्यावर टेकून सुभानभाईंनी विचारलं, "भात कसा झाला व्हता गं?"

"मी कुठं खाल्ला, अब्बा? तुमच्या खिचडीसंगं बसून खायचा म्हनून थांबले व्हते."