करटुल्याचा नर वेल

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, सख्ख्या बहिणीपाशी नाही. आत्ताही सांगायला बसले आणि उगाच उठून धुतलेली भांडी परत पुसून आले.

आमचं घर हर्सूलला. धाकटी जाऊ रुक्मा अजिंठ्याकडची. तिनं माहेराहून करटुल्याचे दोन कंद आणून कुंपणाशी लावले आणि दर पावसाळ्यात शेजारीपाजारी वाटून उरेल एवढी भाजी येऊ लागली. ती लावेल ते उगवायचं, हे खरंच. म्हणून नवरात्रात घटाचं धान पेरायचा मान सासूबाईंनी तिला दिला. थोरली मी होते ना? मला ते फार लागलं.

तुम्ही करटुली खाता, पण फुलं कधी निरखून पाहिलीत? नराचा वेल वेगळा, मादीचा वेगळा. मादीच्या फुलाखाली चिमुकलं काटेरी करटुलं आधीच असतं. नराच्या फुलाखाली नुसता देठ. पण नराचा वेल जवळपास नसेल तर मादीचं करटुलं धरत नाही, गळून जातं. रुक्माला यातलं काही माहीत नव्हतं — डोंगरात आपोआप येणाऱ्या भाजीचं कोण एवढं बघतंय? मला माहीत होतं. माझ्या वडिलांनी दाखवलं होतं.

एका श्रावणात ती पंचमीला माहेरी गेली. मी कुंपणाशी गवत काढत होते, तेव्हा एक वेल चुकून उपटला — असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आले. चुकून? मी फूल उलटून पाहिलं होतं. खाली करटुलं नाही याची खात्री केली, मग खुरप्यानं कंद उकरला आणि उकिरड्यात पुरला. ती परतल्यावर सांगितलं, पाण्यानं सडला.

उरलेल्या वेलाला फुलं भरभरून आली. खालची बारीक करटुली पिवळी पडून गळत राहिली. रुक्मा रोज वाकून बघायची, मुळाशी शेणखत घालायची. तिला तोवर मूल नव्हतं. सासूबाई अंगणात सगळ्यांदेखत म्हणाल्या, “हिचा हातच वांझ हाय. घटाला शिवू देऊ नगा.”

मी तिथंच उभी होते. एक वाक्य पुरलं असतं. का नाही बोलले? भीती वाटली म्हणू? नाही — मला बरं वाटलं. त्या नवरात्रात धान मी पेरलं.

रुक्माला मूल झालंच नाही. तिनं पुन्हा काही लावलंही नाही, साधी तुळससुद्धा. सासूबाई गेल्या. यंदा घट बसवताना मी धानाची वाटी तिच्यापुढे धरली. मनात होतं — आता सांगावं, आत्ताच सांगावं. तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले आणि मागं सरली.

“नगं जाऊबाई, तुमीच पेरा. माझ्या हाताचं तुमाला ठाऊक हाय की.”

मी पेरलं. धान लई जोमानं उगवलं.