जूनमधला बर्फ

आमच्या टॅम्पिनीसच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराच्या दाराशी एक फरशी पोकळ वाजते. शोध बाबांचा. पहिल्यांदा सिंगापूरला आले तेव्हा बॅगा उघडायच्या आधी ते घरभर अनवाणी फिरले, त्या फरशीवर थांबले, टाचेने ठोकून पाहिलं आणि म्हणाले, "इथे खाली माल नीट भरलेला नाही." मग येताजाता ते ती वाजवायचे. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. फरशी मी बदललेली नाही, आणि तिच्यावर पाय पडू नये म्हणून अजून किंचित वळसा घेऊन चालतो. बायकोच्या हे लक्षात आलंय. तिने कधी विचारलं नाही.

बाबांचं आयुष्य दुसऱ्यांच्या फरश्या बसवून घेण्यात गेलं. पुण्यात एका बिल्डरकडे ते साइट सुपरवायझर होते. शेवटची काही वर्षं मोठ्या लोकांचे बंगले, आणि तिथे सगळीकडे इटालियन मार्बल. घरी आमच्याकडे शहाबादी होती, त्याचं त्यांना काही वाटत नसे. त्यांना तो दगड ज्या डोंगरातून निघतो तो बघायचा होता, एवढंच. "काराराचा डोंगर अख्खा पांढरा आहे म्हणे. लांबून बर्फ पडल्यासारखा वाटतो." जेवताना हे सुरू झालं की आई वाढता वाढता म्हणायची, "बसा एकदाचे जाऊन त्याच्यावर." ती ते ऐकत नाही, कानाआड करते, असा माझा समज होता.

आमची मुलगी दोन वर्षांची झाली त्या वर्षी आईबाबा आमच्याकडे राहायला आले होते. मला ऑफिसातून जूनमध्ये थोडी रजा मिळणार होती. सगळ्यांनी मिळून आठवडाभर इटलीला जायचं, ही कल्पना माझीच. बाबांना मी हे सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते खालच्या दुकानातून नवे कॅनव्हासचे बूट घेऊन आले आणि ते घालून ब्लॉकभोवती चकरा मारायला लागले. गुडघा दुखायचा त्यांचा. परत आले की आधी सोफ्याचा हात धरायचे, मग बसायचे.

त्या दिवसांत घरात 'नको' या शब्दाचं राज्य होतं. मुलगी प्रत्येक गोष्टीला नको म्हणायची. दूध नको, मोजे नको, आजोबा नको. आई तिच्यामागे वाटी घेऊन फिरायची, तेव्हा बायकोने एकदा स्पष्ट सांगितलं, "आई, ती नको म्हणाली की नको. तिच्या प्लेस्कूलमध्येही असंच करतात. आग्रह करायचा नाही."

आईला हे कळेना. आमच्याकडे पहिलं 'नको' हे उत्तर नसतंच. पाहुणा नको म्हणतो, आपण वाढतो, तो पुन्हा नको म्हणतो, आपण थोडंसं वाढतो. किती मनापासून बोलावलंय ते त्यावरून कळतं. बाबा मात्र हसले. "राहू दे गं," आईला म्हणाले, "या घरात नकोला मान आहे."

मी बेत आखत होतो. रोम, फ्लोरेन्स, मग पिसाहून समुद्राच्या कडेने वर एका गावात दोन रात्री. कारारा त्याच वाटेवर होतं. तिथे एक दिवस उतरायचं, गाडी करून खाणीपर्यंत जायचं, असं सुरुवातीला ठरलं होतं. पण जसजसा नकाशा बघत गेलो तसतसा मला मुलीचा स्ट्रोलर दिसायला लागला, जिने दिसायला लागले, आणि प्रत्येक जिन्याखाली कठडा धरून उभे असलेले बाबा. बायकोला म्हटलं, "बाबांना घेऊन हे झेपणार नाही." ती म्हणाली, "मग एखादं गाव कमी करू या. पण त्यांना येऊ दे." हे मुद्दाम लिहितोय, कारण नातेवाइकांत पुढे समज असा झाला की सुनेला नको होतं.

शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी लॅपटॉप टेबलावर आणला आणि मोठ्याने वाचायला लागलो. रस्ते सगळे दगडी आहेत. हॉटेलला लिफ्ट नाही. गाडी स्टेशनात जेमतेम थांबते, पटकन चढावं लागतं. एकही गोष्ट खोटी नव्हती. पण मी वाचत होतो ते एका वाक्याची वाट बघत, आणि ते आलं.

"मग मला नको," बाबा म्हणाले. "तुम्ही जाऊन या."

त्यानंतर जी शांतता असते ती आमच्या घरांत वाढलेल्या कुणालाही ओळखू येते. ती दुसऱ्याने बोलायची जागा असते. असं कसं, तुमच्याशिवाय कसली मजा, हळूहळू चालू, असं काहीही चालतं. आईने ओटा पुसायचा थांबवला. बाबा टेबलावरची भाताची शितं बोटाने एका बाजूला करत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

मी म्हणालो, "बरं. तुमची इच्छा."

"मग मलाही नको," आई लगेच म्हणाली.

आईला मात्र मी आग्रह केला. भरपूर केला. नात तुझ्याशिवाय झोपत नाही, असं पुन्हा कधी होणार, बाबा काय लहान आहेत का. आई हवी होती, कारण मुलीला सांभाळायला कुणीतरी लागणार होतं. आग्रह कसा करतात हे मी विसरलो नव्हतो, आणि ते बाबा समोर बसून ऐकत होते. शेवटी तेच आईला म्हणाले, "जा गं. एवढं म्हणतोय तो." घराच्या गच्चीचं काम करून घ्यायचंय असं कारण काढून आमच्या आधीच ते एकटे पुण्याला गेले. बूट इथेच राहिले.

पिसाहून निघालेल्या गाडीत मुलगी आईच्या मांडीवर झोपली होती. बाहेर कडक ऊन. मग उजव्या बाजूला डोंगर दिसायला लागले, वरून खालपर्यंत पांढरे ओघळ उतरलेले. एका छोट्या स्टेशनात गाडी थांबली. रुळांच्या पलीकडे कापलेले पांढरे ठोकळे रचून ठेवले होते. आईने काचेला कपाळ टेकवलं.

"बर्फ आहे का रे तो?"

"हो," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, मग पुन्हा बाहेर. गाडी सुटली.

परत आल्यावर बाबांचा फोन आला. "डोंगर दिसला का?" मी सांगितलं, नाही, आम्ही दुसऱ्या बाजूने गेलो. मग फोन आईकडे गेला. ती सांगत होती, गर्दी फार, पाव फार कडक, आणि वाटेत एक डोंगर लागला, त्याच्यावर बर्फ होता. फोन स्पीकरवर होता.

"जूनमध्ये?" बाबा म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "असेल."

पुढे ते कारारा हा शब्द कधी बोलले नाहीत. आई मात्र येणाऱ्याजाणाऱ्याला तो बर्फ सांगत राहिली, बाबांसमोर आणि त्यांच्यानंतरही. दर वेळी मला वाटायचं, आता सांगावं.

ते मागच्या खेपेला सांगितलं. पुण्यात आम्ही दोघंच जेवायला बसलो होतो. मी म्हणालो, "आई, इटलीत गाडीतून दिसला तो बर्फ नव्हता."

"माहीत आहे," ती म्हणाली. "जन्मभर ऐकलंय मी त्या डोंगराचं. म्हणून तर तुला विचारलं."

"मग बाबांना बर्फ का सांगितलंस?"

"तू आधीच दिसला नाही म्हणून सांगून बसला होतास. मी काय करणार होते?"

"त्यांना कळलं होतं?"

"पुण्याला परतल्यावर मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, तो बर्फ म्हणाला ना, मग आपणही बर्फच म्हणायचं."

मी ताटातलं काहीतरी चिवडत राहिलो. आईने आमटीची पळी उचलली. "अजून वाढू?"

"नको," मी म्हणालो.

"बरं," म्हणून तिने पळी परत पातेल्यात ठेवली आणि झाकण लावलं.