शाझलियाचं बंद दार

शाझलिया माझी शेजारीण आणि कधीकाळची विद्यार्थिनी. कैरवान गावातल्या आमच्या बोळात तिच्या आणि माझ्या घरामध्ये एकच भिंत आहे, तीही इतकी पातळ की तिच्या आईचा खोकला मला अंथरुणात ऐकू येतो. गणितात ती बरी होती. फक्त शाब्दिक उदाहरण आलं की हात वर करून विचारायची, "बाई, या माणसाला एवढी संत्री कशाला हवीत?" लग्न तिने केलं नाही. भाऊ नूरुद्दीन समुद्रापलीकडे मार्सेयला गेला आणि आई, हल्लूमा, हिच्याकडे राहिली.

साथीच्या दुसऱ्या उन्हाळ्यात गावात रोज जनाजे निघत होते. इस्पितळात प्राणवायू पुरत नव्हता. शाझलियाने दार लावून घेतलं. भाजीवाला टोपली उंबऱ्यावर ठेवून जायचा. ती टोपली तासभर उन्हात राहायची, मगच आत जायची. चौऱ्याऐंशी वर्षांच्या आईजवळ जाताना शाझलिया घरातही मास्क लावायची.

जुलैत तिच्या फोनवर निरोप आला. हल्लूमाच्या लशीची पाळी, पुढच्या गुरुवारी सकाळी नऊला.

इथे ती अडकली. हल्लूमाच्या पायात बारा वर्षांपूर्वी रक्ताची गाठ झाली होती, आणि केंद्रावर जी लस मिळत होती नेमकी तिच्याबद्दलच गाठींच्या बातम्या येत होत्या. नूरुद्दीनने फोनवर सांगून टाकलं, "तू लस दिलीस आणि काही झालं तर ते तुझ्या माथी. नाही दिलीस आणि झालं, तर अल्लाची मर्जी."

संध्याकाळी ती आमच्या गच्च्यांमधल्या कठड्याशी आली. "बाई, आकडा सांगा."

मी वाचलं होतं तेवढं सांगितलं. "तशी गाठ दहा लाखांत मोजक्या जणांना होते. आणि आपल्या बोळात घरं चाळीस. जूनपासून तीन माणसं गेली."

"त्या मोजक्यांत माझी आई असली तर?"

"आणि बोळातली चौथी ती असली तर?"

"तर ती रोगाने जाईल, बाई. माझ्या हाताने नाही."

मी आकड्यांचा नाद सोडला. मग विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले?"

"पायातली गाठ वेगळी, ही वेगळी, खुशाल द्या म्हणाले. त्यांचं काय जातंय? ते रोज शंभर जणांना हेच सांगतात. मला आई एकच आहे." मग तिने विचारलं, "तुम्ही तुमच्या आईला दिली असती?"

"दिली असती," मी म्हणाले. "पण माझी आई आता हयात नाही, त्यामुळे मला म्हणणं सोपं आहे."

त्याच आठवड्यात कुसकुस वळायचा दिवस आला. आमच्याकडे वर्षभराचा कुसकुस, म्हणजे रव्याचे बारीक दाणे, जुलैत वळून गच्चीवर वाळवतात. बोळातल्या बायका आळीपाळीने एकेकीच्या घरी जमतात. रविवारी शाझलियाची पाळी होती. तिने दार उघडलं, आम्हा सहाजणींना साबणाने कोपरापर्यंत दोनदा हात धुवायला लावले आणि आत घेतलं.

"आम्हालाही तासभर उन्हात ठेवायचं होतंस," खाटकाची बायको दलिला म्हणाली, "टोपलीसारखं."

"तुम्ही काय बाहेरच्या आहात?" शाझलिया म्हणाली.

सातजणी एका लाकडी काठवटीभोवती गुडघ्याला गुडघा लावून बसलो. रव्याच्या धुळीने जीव गुदमरतो म्हणून मास्क उतरवले. हल्लूमा गादीवरून देखरेख करत होती. "दलिला, दाणा मोठा होतोय. कुसकुस करायचाय, गोट्या नाहीत." दलिला शिंकली, म्हणाली रवा नाकात गेला. आम्ही हसलो. पस्तीस वर्षं मी मुलांना संभाव्यता शिकवली, पण त्या काठवटीपाशी मला एकही आकडा आठवला नाही. रोग म्हणजे परका माणूस, अशी आम्हा सगळ्यांची पक्की समजूत होती.

मंगळवारी दलिलाला ताप आला. बुधवारी तपासणीत तोच रोग निघाला.

शाझलिया कठड्याशी आली, पण या वेळी लांबच उभी राहिली. "बाई, उद्याचं काय करू? आईला लागण झाली असेल तर रांगेतल्या म्हाताऱ्यांना वाटून येईल. झाली नसेल तर पाळी जाईल, परत कधी मिळेल कोण जाणे."

"घरीच थांबा. दोन आठवडे," मी म्हणाले, आणि मीही माझं दार लावून घेतलं.

ते दोन आठवडे ती आईच्या खोलीच्या उंबऱ्यावर झोपली. दिवसातून चारदा ताप पाहायची. दलिला बरी झाली. तिची सासू, जी कुसकुसाला आलीच नव्हती, ती गेली. बोळातलं चौथं माणूस. आम्हाला जनाज्यालाही जाता आलं नाही. नवव्या दिवशी हल्लूमा खोकली, तशी मी भिंतीला कान लावला. "घाबरू नकोस, पाण्याचा ठसका लागला," असं म्हातारी म्हणत होती.

पंधराव्या दिवशी भिंतीपलीकडून पुन्हा तिचा आवाज आला. "सगळ्या गावाला विचारलंस, मला विचारलंस का? पाय माझा आहे. नूरुद्दीनला फोन लाव." मग, मोठ्याने, मार्सेयपर्यंत जाईल असा आवाज काढून, "बाळा, मी सुई घ्यायला चालले. मेले तर माझ्या माथी. बहिणीला बोललास तर याद राख."

नवी पाळी मिळायला आणखी आठ दिवस गेले. सुई झाली. हात दोन दिवस दुखला. डॉक्टरांनी चार आठवडे पायांना सूज येते का यावर लक्ष ठेवायला सांगितलं.

मला वाटलं होतं, शाझलिया आता मोकळी होईल. सुईनंतरच्या सोळाव्या सकाळी मी अंडी द्यायला गेले, तर ती जमिनीवर बसून आईच्या पोटऱ्या दोऱ्याने मोजत होती.

"बाई, डावी जास्त वाटते का?"

मी दोरा हातात घेऊन दोन्ही पोटऱ्या मोजल्या. "सारख्याच आहेत."

"नक्की?"

"नक्की."

"मुली, पाय आहे तो," हल्लूमा म्हणाली, "ईदचं कोकरू नाही, रोज चाचपायला."

शाझलिया हसली नाही. तिने माझ्या हातातून दोरा घेतला आणि डाव्या पोटरीभोवती पुन्हा गुंडाळला. अजून बारा दिवस होते.