फोटोत नसलेला नवरा

त्या रस्त्यावरून जो कोणी परदेशी गेला, तो फोटोवाल्याच्या हातून गेला. कोणी वेल्डर म्हणून गेला, कोणी शिकायला गेली, कोणी म्हातारपणी मुलाकडे राहायला गेले. पण जाण्याआधी प्रत्येकाला त्याच्या चिंचोळ्या दुकानातल्या पांढऱ्या पडद्यापुढे, उंच स्टुलावर बसावंच लागलं. "कान दिसू द्या. केस मागे घ्या. चष्मा काढा. हसू नका, तिकडे पोचल्यावर हसा." हे शेवटचं वाक्य तो इतक्यांना बोलला होता, की जुनी गिऱ्हाइकं स्टुलावर बसता बसता ते आपणच म्हणून टाकत.

कुठल्या देशाला चौकोनी फोटो लागतो, कुठल्या देशाला उभा, कुणाला पडदा पांढराशुभ्र हवा आणि कुणाला राखाडी, हे त्याला तोंडपाठ होतं. त्याने काढलेला फोटो कुठल्याही खिडकीवरून परत आला नव्हता. कुणी म्हणालं, "गालावरचा तीळ तेवढा काढून टाका हो," तर तो सरळ सांगायचा, "तीळ काढायचा असेल तर डॉक्टरकडे जा. मी आहे तो माणूस पाठवतो."

दुकानाच्या वरच्या मजल्यावर व्हिसाची कामं करणाऱ्या सल्लागार बाईंचं ऑफिस होतं. माणसं आधी वर जात, तिथून फोटोसाठी खाली येत. बाईंना कुणाला खाली पाठवायचं असलं की त्या जिन्याच्या कठड्यावरून नुसतं "येतायत हो" म्हणायच्या. त्या दिवशी मात्र त्यांनी खाली कुणाला पाठवलं नाही. त्यालाच वर बोलावलं.

त्याची बायको तीन वर्षांपूर्वी नर्स म्हणून परदेशी गेली होती. तिकडच्या भाषेची परीक्षा, कामाचा परवाना, मोठ्या हॉस्पिटलातली नोकरी, एकेक पायरी ती स्वतःच्या हिमतीवर चढली. आता तिकडच्या नियमाप्रमाणे तिला नवऱ्याला आणि मुलीला बोलावून घेता येत होतं. अट एवढीच, की मुलगी अठरा पूर्ण होण्याआधी मंजुरी मिळाली पाहिजे. त्यानंतर तिला 'कुटुंबातलं मूल' म्हणून जाता येणार नव्हतं. आईबाप तिकडे आणि पोर इकडे, नाहीतर बाप आणि पोर इकडे आणि आई तिकडे, असा संसाराचा तुकडा पडणार होता. आणि लेकीचा अठरावा वाढदिवस तोंडावर आला होता.

"तुमच्या फाइलवर शंका काढलीय," बाई म्हणाल्या. "लग्नाचा दाखला आहे, पण तुम्हा दोघांचे पत्ते बरीच वर्षं वेगळे दिसतायत."

"ती नर्सिंगच्या होस्टेलवर होती. मग हॉस्पिटलच्या क्वार्टरमध्ये. सुट्टीला घरी यायची."

"मला माहीत आहे हो. त्यांना कसं कळणार? ते म्हणतात, लग्न खरं आहे की कागदापुरतं, ते दाखवा. इतक्या वर्षांतले दोघांचे एकत्र फोटो द्या." बाई हसल्या. "तुम्हाला काय, हातचा मळ. पोतंभर आणून द्याल."

तो हसला नाही.

"काय झालं?"

"माझा फोटो नाही," तो म्हणाला.

"कुठला नाही?"

"कुठलाच नाही. पासपोर्टचा सोडला, तर बाकी सगळे फोटो मीच काढायचो ना."

बाईंना आधी वाटलं, हा चेष्टा करतोय. पण खरंच दिव्याखाली अंधार होता. बायकोचे फोटो म्हणाल तर दोन कपाटं भरून. सही करताना नवरी, दारात नवरी, पोर पोटात असताना, पोर कडेवर असताना, पहिल्यांदा नर्सचा गणवेश घातला तेव्हाची. नवरा एकातही नव्हता. लग्न नोंदणी कार्यालयात झालं, तिथेही साक्षीदाराच्या हातात कॅमेरा देऊन त्याने त्याला असं धर, तसं धर, बोट बाजूला घे, असं इतकं सुनावलं, की साक्षीदाराने कॅमेरा परत त्याच्या हातात दिला. पुढे लेकीने मोबाइल उचलला की हा म्हणायचा, "उजेडाकडे पाठ करून उभी आहेस. दे इकडे, मी काढतो." आणि हात लांब करून स्वतःचा फोटो काढणं म्हणजे त्याच्या मते नाकाची जाहिरात. दुसऱ्याने काढलेला वाईट फोटो त्याला चालत नव्हता. म्हणून त्याचा फोटोच नव्हता.

त्या दुपारी त्याने दुकानाचं दार लोटून घेतलं आणि कॉम्प्युटरसमोर बसला. लग्नातला बायकोचा फोटो उघडला. स्वतःचा पासपोर्टचा चेहरा घेतला, एका जुन्या गिऱ्हाइकाचे खांदे घेतले, उजेड जुळवला. अशा कामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. लेक कॉलेजातून आली, तिने त्याच्या खांद्यावरून पाहिलं.

"बाबा, किती छान दिसताय दोघं." मग जरा थांबून तिने विचारलं, "हे खांदे कुणाचे?"

तो पडद्याकडे बघत राहिला. फोटो निर्दोष होता. कुणाच्या बापाला ओळखू आला नसता. पण चेहरा त्याचा होता आणि खांदे दुसऱ्याचे. आयुष्यभर लोकांना सांगितलं, आहे तो माणूस पाठवतो. त्याने फोटो पुसून टाकला.

"तुला वाटत असेल, बाप वेडा आहे," तो म्हणाला.

"आईला फोन लाव," लेक म्हणाली. "तिला सांगितल्याशिवाय तुझं डोकं चालत नाही."

बायकोची दिवसपाळी नुकतीच संपली होती. त्याने सगळं सांगितलं, खांद्यांचंही सांगितलं.

"पुसलंत ना ते?"

"पुसलं."

"बरं झालं. नाहीतर मी इथून येऊन तुमचे खरे खांदे खिळखिळे केले असते." मग ती विचार करू लागली की करते तशी नुसती हुं हुं करत राहिली, आणि एकदम म्हणाली, "अहो, कॅसेटकडे जा."

"त्याच्याकडे? मी?"

"तोच बोंबलायचा ना, तुम्ही नवराबायको माझ्या प्रत्येक शॉटमध्ये घुसता म्हणून? मग घुसलेलो असू कुठेतरी. जा आणि विचारा."

कॅसेट म्हणजे व्हिडिओ शूटिंगवाला. एकही जुनी कॅसेट कधी फेकली नाही म्हणून, आणि एकदा बोलायला लागला की बाजू संपेपर्यंत थांबत नाही म्हणूनही, रस्त्याने त्याला हे नाव दिलं होतं. वीसएक वर्षं लग्नकार्यात हे दोघं खांद्याला खांदा लावून भांडले. याचं डोकं त्याच्या चौकटीत, त्याची वायर याच्या पायात. शेवटी एका लग्नात ऐन वेळी फोटोवाला पुढे आला आणि नवरीऐवजी त्याची पाठच व्हिडिओत आली. त्यावरून जे वाजलं, त्यानंतर बोलणं बंद. रस्ता एकच, पण दोघं दोन कडांनी चालत.

सकाळी फोटोवाला त्याच्या पायऱ्या चढला. कॅसेट चहा पीत होता. त्याने मान वर केली नाही.

"या. आज पाठ नाही, तोंड दाखवताय."

"काम आहे."

"ते असणारच. प्रेमाने कोण येतंय?"

फोटोवाल्याने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. सांगताना त्याला अपेक्षा होती टोमण्यांची, आणि ते त्याने गिळायची तयारी ठेवली होती. कॅसेटने कप खाली ठेवला.

"म्हणजे तुझा एकही फोटो नाही."

"नाही."

"आणि तुला पुरावा हवाय, तू वहिनींबरोबर होतास याचा."

"हो."

"अरे, तुम्हा दोघांना कापण्यात माझी निम्मी हयात गेली," कॅसेट म्हणाला. "लोकांना दिलेल्या व्हिडिओत तुम्ही नाही, कारण मी तुम्हाला कापलं. पण मूळ शूटिंग आतल्या कपाटात आहे. बस. आणि हे बघ, वहिनींसाठी करतोय. तुझी पाठ मी विसरलेलो नाही."

सुरुवातीची काही वर्षं फोटोवाल्याबरोबर लग्नांत दिवा धरायला त्याची बायकोच यायची. मोठा हॅलोजन, तापलेला, जड. तेव्हा वेगळा माणूस ठेवणं परवडायचं नाही. हे त्याला आठवत होतं, पण आठवणीत तो कॅमेऱ्यामागे होता आणि समोर लोकांची लग्नं. आज पहिल्यांदा त्याने उलट्या बाजूने पाहिलं.

पडद्यावर एक सडपातळ तरुण वाकून फोटो काढतोय आणि त्याच्या खांद्यामागे एक मुलगी दोन्ही हातांनी दिवा उंच धरून उभी आहे. पुढच्या लग्नात तीच मुलगी, पोट पुढे आलेलं, दिवा आता कमरेला टेकवलेला. मग सामानाच्या पिशव्यांवर झोपलेली तान्ही लेक आणि तिच्यावर सावली पडावी म्हणून मुद्दाम वाकडा केलेला दिवा.

"बघ, त्या लग्नात नवरदेव अर्धा काळा का आला, ते आज कळलं," कॅसेट म्हणाला.

पुढे जेवणाच्या पंक्ती. फोटोवाल्याचे दोन्ही हात कॅमेऱ्यात गुंतलेले, आणि ती शेजारी ताट घेऊन उभी. त्याच्या तोंडात घास घालतेय, हा न बघता चावतोय, चावता चावता बटण दाबतोय. एका ठिकाणी ती त्याला काहीतरी ठणकावतेय; तो मान हलवतोय आणि करतोय आपल्याच मनाचं.

आणि मग असा एक तुकडा आला, की त्याने कॅसेटचा हात धरून सांगितलं, "थांबव." लग्नाची गडबड ओसरली होती, पाहुणे जेवायला गेले होते. रिकाम्या मंडपात तिने दिवा खुर्चीला बांधला होता आणि त्याच्या उजेडात मांडीवर नर्सिंगचं पुस्तक घेऊन ती वाचत होती. ओठ हलत होते, पाठ करत होती. मागे तो उभा होता. कॅमेरा गळ्यात, हात रिकामे. फोटो काढत नव्हता. नुसता तिच्याकडे बघत होता.

कॅसेट, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, एकच वाक्य बोलला. "उजेड बरा पडलाय." एवढं म्हणून तो कॉम्प्युटरकडे वळला आणि कापलेलं सगळं पुन्हा जोडायला बसला.

मुलाखतीला बापलेक दोघं गेले. काचेपलीकडची अधिकारी मध्यमवयीन होती, शिस्तीची. तिने सगळे तुकडे शांतपणे पाहिले. ठणकावण्याचा तुकडा तिने परत लावला.

"इथे पत्नी काय म्हणतायत?"

"सरका, नवरीचा चेहरा झाकला जातोय."

"तुम्ही सरकलात का?"

"नाही."

"मग?"

"फोटो वाया गेला. तिचंच बरोबर होतं."

काचेपलीकडे ओठाचा कोपरा हलल्यासारखा झाला. तिने पुढचा प्रश्न वाचला. "तिथे गेल्यावर तुम्ही काय काम करणार? की पत्नीवर अवलंबून राहणार?"

हाच प्रश्न रस्त्यावर लोकांनी त्याला कितीदा खिजवून विचारला होता. बायकोचा पदर धरून निघालात का, वगैरे. लेकीने त्याच्याकडे चोरून पाहिलं. तो मात्र स्टुलावर बसवलेल्या गिऱ्हाइकासारखा ताठ झाला.

"सुरुवातीला स्वयंपाक करीन," तो म्हणाला. "भाषा शिकीन. मग काम शोधीन, मिळेल ते. तोवर तिच्यावर अवलंबून. कागदावर तसंच लिहिलंय आणि ते खरं आहे. ती ड्युटी करून दमून येते. नुसती नर्स नाही ती आता, नव्या नर्सना शिकवते. दिवा धरून अभ्यास केलाय तिने, आत्ता तुम्ही पाहिलंत. तिकडच्या भाषेत परीक्षा दिली, पहिल्या फटक्यात—"

"बाबा," लेक हळूच म्हणाली.

"प्रश्नाचं उत्तर मिळालं," अधिकारी म्हणाली, आणि पुढच्याला बोलावलं.

त्यानंतरचे दिवस त्याने कसे काढले, ते त्याच्या गिऱ्हाइकांना विचारावं. एकाचे कान झाकलेले राहिले, एकीला तो हसू नका म्हणायचंच विसरला. लेक घरात वाढदिवसाचं नाव काढत नव्हती. आणि एका सकाळी, तो एका विद्यार्थ्याला स्टुलावर बसवत असताना, सल्लागार बाई जिन्याच्या कठड्यावर आल्या. नेहमीसारखं "येतायत हो" न म्हणता स्वतःच धडधडत खाली उतरल्या.

"झालं," त्या म्हणाल्या. "दोघांचं झालं. वेळेत झालं."

त्याचा जीव भांड्यात पडला. त्याने आधी विद्यार्थ्याचा फोटो पुरा केला, कारण उजेड लावून झाला होता. मग लेकीला आतून बोलावलं, रस्त्यापलीकडून कॅसेटला बोलावलं आणि बायकोला फोन लावला. तिने उचलला नाही. तेव्हा त्याने तिच्या वॉर्डचा नंबर लावला. पलीकडे आपल्याच भाषेतली एक नर्स होती.

"सिस्टर कामात आहेत. आपण कोण?"

"तिचा नवरा."

"अच्छा, फोटोवाले. त्या नव्या मुलींना शिकवतायत. अर्जंट आहे का? बोलावू?"

लेक "हो, हो" म्हणून हातवारे करत होती. बाईही मान डोलावत होत्या.

"नको," तो म्हणाला. "होऊ दे तिचं शिकवून. मी थांबतो. फक्त फोन ठेवू नका, तिथेच असू द्या."

नर्सने फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. त्याने इकडे आवाज मोठा केला आणि फोन काउंटरवर ठेवला. दुरून तिचा आवाज ऐकू येऊ लागला. परक्या भाषेत, ठाम, कुठेही न अडखळणारा. मध्येच कुणीतरी तरुण आवाजात काही विचारलं, तिने उत्तर दिलं, आणि तिकडे सगळे हसले.

"काय म्हणतायत वहिनी?" कॅसेटने विचारलं.

"मला अजून सगळं कळत नाही," फोटोवाला म्हणाला. "तू ऐक ना."

विद्यार्थी फोटोच्या प्रिंटसाठी थांबला होता, दारात आणखी दोन गिऱ्हाइकं आली होती. त्याने त्यांना हातानेच बसा म्हटलं. जागा नव्हती, तरी कुणी कुरकुर केली नाही. एकाने दबक्या आवाजात विचारलं, "कोण बोलतंय?"

"आमच्या घरातली," तो म्हणाला, आणि फोन जरा त्यांच्या बाजूला सरकवला.