मॉनिटर बंद ठेवून टाकलेली सिस्टीम

"मॉनिटर बंद करा, काका. नाहीतर तुम्ही मध्ये हात घालाल."

वैशाली मॅडमना अजिबात दिसत नाही. राहायला बदलापूरला, हेंद्रेपाड्यात. अंबरनाथच्या एका क्लासात दहावीला इतिहास शिकवतात. कॉम्प्युटर चालूच होईना, म्हणून रिक्षात घालून उल्हासनगरला आमच्या दुकानात आणला. आत त्यांच्या चार वर्षांच्या नोट्स होत्या. दुसरी कॉपी कुठेच नाही. त्या मी माझ्या डिस्कवर उतरवून घेतल्या. आता त्यांची डिस्क पुसून नवीन सिस्टीम टाकायची. सिस्टीम म्हणजे पाया, बाकी सगळं त्याच्यावर चालतं.

"ती मी टाकणार," मॅडम म्हणाल्या. "दर वेळी कोणाच्या हातापाया पडू?"

मी सातवी नापास. पण रेडिओ दुरुस्तीपासून या लाइनीत आहे. मला राग आला. "मॅडम, हे डोळ्यांचं काम आहे."

"मग माझं होईपर्यंत तुमचे डोळे मिटा."

काउंटरवरून आमचे सिंधी शेठ हसले. "चाचा, करने दो ना. बिगडा तो आप बैठे हो."

मी मॉनिटर बंद केला, नवीन सिस्टीमचा पेनड्राइव्ह लावला. बीप वाजला. आवाज सुरू करायला मॅडमनी एस दाबला, मग एंटर. स्पीकरमधून बाई बोलायला लागली, पडद्यावर दिसली असती ती ओळ न् ओळ. इतकी भरभर, की मला एक शब्द कळेना. मॅडम मान हलवत पुढे जात होत्या. भाषा, कीबोर्ड, टाइम झोन. मी आयुष्यभर तिथे नेक्स्ट-नेक्स्ट करत आलोय.

डिस्कची यादी आली तशा त्या थांबल्या.

"मारा एंटर," मी म्हटलं. "पहिलीच असते."

"पहिली एक टीबीची आहे, काका. माझी तर पाचशे जीबीची. तुमची काढली ना?"

मी मागे वाकून पाहिलं. माझ्या डिस्कची वायर तशीच लागलेली. नोट्सवाली. माझं ऐकून एंटर मारला असता तर चार वर्षं साफ.

वायर काढायला हात पुढे केला.

"आता चालू मशीनमध्ये हलवू नका," मॅडम म्हणाल्या. "मी खालची घेते." दोनदा ऐकून खात्री केली, मग एंटर.

अर्ध्या तासाने नवीन सिस्टीमवर मशीन बोलायला लागलं. नोट्स परत टाकल्या. मॅडमनी पहिला धडा उघडून ऐकला, शेवटचा ऐकला. "आहे सगळं."

"मॅडम," मी म्हटलं, "त्या बाईला जरा हळू बोलायला सांगा. मलाही ऐकू दे."

आता मी बॅकअपची डिस्क आधी काढतो, कपाटात ठेवतो. आणि डिस्कची यादी वाचतो. बोट ठेवून, शेवटच्या ओळीपर्यंत.