नव्याण्णव दुरुस्त प्रती

किस्से कोणी जमवत नाही; ते आपोआप जमतात. जुन्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटी मात्र जमवाव्या लागतात. आमच्या चौघांच्या मंडळात दोन्हींचे ढीग झाले आहेत, आणि पहिल्या ढिगातील बहुतेक माल माझ्याकडून आलेला आहे, हे मान्य करण्याच्या वयाला मी आता पोहोचलो आहे.

आधी माझ्याविषयी थोडे. मी खोपटच्या बस आगारात भांडारपाल होतो. शिक्षण मॅट्रिकपर्यंत. बाकी जे काही वाचले, ते भांडाराच्या खिडकीमागे बसून, शब्दकोश शेजारी ठेवून, स्वतःचे स्वतः. जुनी पुस्तके गोळा करता करता पहिली आवृत्ती कशी ओळखावी याचे ज्ञान आले, आणि ज्ञानापाठोपाठ ते न विचारता सांगण्याची खोडही आली. एक गोष्ट मात्र राहून गेली होती. इतके वाचूनही माझ्या नावाचे एकही पुस्तक नव्हते.

पत्नी सुमन हिने एक्केचाळीस वर्षे माझी पुस्तके फडक्याने पुसली, परंतु एकही उघडले नाही. ती दुसऱ्यांनी लिहिलेली असल्यामुळे असे होत असावे, अशी मी माझी समजूत करून घेतली होती.

*

या मंडळात माझा प्रवेश दाढेमुळे झाला.

नौपाड्यात आमच्या घराजवळ डॉ. निनाद यांचा दातांचा दवाखाना आहे. मी खुर्चीत आडवा होतो, तोंडात कापसाचे बोळे होते, आणि समोरच्या काचेच्या कपाटात व्हिडिओ गेमचे दोन सारखेच खोके दिसत होते. वीसेक मिनिटे माझ्याजवळ पाहण्यासारखे दुसरे काही नव्हते. चूळ भरून होताच मी म्हणालो, "डॉक्टर, डावीकडील खोका नंतरच्या छपाईचा आहे."

डॉक्टरांच्या हातातला चिमटा तसाच राहिला. "कसं ओळखलंत काका?"

"अक्षरांच्या कडा पाहा. ठशाची धार गेलेली आहे. त्यावरून बऱ्याच प्रती काढून झाल्यानंतरची ही छपाई असावी."

डॉक्टर खोक्यापाशी गेले, डोळ्यांवरचे भिंग खाली केले आणि बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "अगदी बरोबर. नंतरचीच आहे. गेल्या मंगळवारची. मूळ खोक्याला वाळवी लागली, म्हणून खाली झेरॉक्सवाल्याकडून कलर कॉपी काढून पुठ्ठ्यावर चिकटवली."

तरीही त्यांनी मला रविवारी दुपारी मंडळात यायला सांगितले. ज्याला फरक दिसतो असा माणूस मिळणे कठीण असते; तो चुकीचे सांगतो की बरोबर, ते पुढे पाहता येते, असे ते म्हणाले.

*

मंडळ भरते ते या दवाखान्यातच. रविवारी रुग्ण नसतात. त्यामुळे खुर्चीत कॅसेट झोपवायची, वरचा दिवा खाली ओढायचा आणि एकेकाने भिंग लावून पाहायचे. कॅसेट म्हणजे यंत्रात खोचायची ती प्लास्टिकची चपटी डबी. मी पहिल्या दिवशी तिला 'क्रीडापेटिका' म्हटले. कोणी हसले नाही, पण पुढच्या रविवारपर्यंत कोणी मला काही विचारलेही नाही.

या छंदात सर्वांना हवी असते ती पहिल्या छपाईची प्रत. खेळ तोच असतो, खोकाही तोच. परंतु पुन्हा छापताना कारखान्याने कुठे गोल शिक्का लांबट केलेला असतो, कुठे पाच स्क्रूंचे तीन केलेले असतात, कुठे माहितीपुस्तिकेतली चूक सुधारलेली असते. ज्याला हे फरक दिसतात, त्याला मंडळात मान.

मंडळात डॉक्टर आणि मी धरून चार जण. तिसरा संतोष, कल्याणला टीव्ही दुरुस्तीचे दुकान चालवतो. त्याने एकदा मोटारींच्या शर्यतीची एक कॅसेट खुर्चीत ठेवली. मी उलटी करून स्क्रू मोजले. पाच भरले. मी भिंगसुद्धा मागितले नाही.

"आद्य प्रत," मी म्हणालो. "पाच स्क्रू ही निर्विवाद खूण आहे. यावर चर्चेची आवश्यकता नाही."

संतोषने मान डोलावली. "बरोबर बोललात काका. फक्त त्यातले दोन मीच मारलेले आहेत. झाकण हलत होतं."

*

चौथ्या सभासद मेधाताई. त्या कोपरला राहतात, बँकेत अधिकारी आहेत, आणि आवाज कधीही चढवत नाहीत. आवाज चढवला असता तर बरे, असे वाटावे अशी त्यांची बोलण्याची रीत आहे.

त्यांच्याकडे एक खेळ आहे. त्यांचे वडील मस्कतला नोकरीला होते. लेकीसाठी म्हणून पहिल्या सुट्टीत त्यांनी तो आणला. वडील आता नाहीत. खोका, कॅसेट, पुस्तिका, सगळे जसेच्या तसे आहे. ही पहिली छपाई आहे का, हे मेधाताईंना जाणून घ्यायचे होते. विकण्याचा प्रश्न नव्हता. बाबांनी आणलेली वस्तू नेमकी काय आहे, एवढेच त्यांना हवे होते. त्यांनी पुस्तिका विश्वासाने माझ्याकडे आठवडाभर दिली.

पुढच्या रविवारी मी ती परत नेली. पुस्तिकेला खाकी कागदाचे कव्हर घातले होते, कारण आमच्या घरात उघडे पुस्तक ठेवण्याची पद्धत नाही.

"मेधाताई, अभिनंदन. आपली प्रत पहिल्या छपाईची आहे."

"खरंच? कशावरून?"

"तिसऱ्या पानावरील आकृतीत दोन बटणे उलटसुलट दाखवली आहेत. ही चूक फक्त पहिल्या छपाईत होती."

त्यांनी तिसरे पान उघडले आणि बराच वेळ पाहिले. "काका, इथे बटणं बरोबर आहेत."

"होय. ती मी दुरुस्त केली आहेत."

शाई पक्की आहे, हे सांगण्याची ती वेळ नव्हे, हे माझ्या सुदैवाने ध्यानात आले. भांडारातील चाळीस वर्षांत चूक दिसली की पेन आपोआप टोपणाबाहेर येई. ते त्या आठवड्यातही आले होते, आणि मला ते आठवतसुद्धा नव्हते.

मेधाताईंनी पुस्तिका मिटली. "अक्षर मात्र छान आहे हां तुमचं," त्या म्हणाल्या, आणि त्या दिवशी चहा न घेता गेल्या.

*

याच सुमारास डॉक्टरांनी घराचे रंगकाम निघाले म्हणून एक खोका चार दिवस माझ्याकडे ठेवला. त्याच्यावरचे कारखान्याचे प्लास्टिक अजून शाबूत होते. सुमनने तो दिवाणखान्यात पाहिला.

"आत काय आहे?"

"व्हिडिओ गेम."

"बघू तरी."

"उघडायचा नाही. उघडले की किंमत उतरते."

"मग खेळतात कधी?"

"खेळत नाहीत. जतन करतात. जे कोणी कधीच उघडले नाही, त्याला सर्वांत अधिक मोल असते." यावर मी तिला सुमारे पाऊण तास सांगितले. ती तेवढ्यात मटार सोलून मोकळी झाली.

डॉक्टर खोका न्यायला आले तेव्हा सुमनने त्यांना स्टूलवर चढवून माळ्यावरून एक मोठे खोके काढायला लावले. आमच्या लग्नात आलेला डिनर सेट. सेलोटेपसुद्धा मूळची.

"डॉक्टर, एक्केचाळीस वर्षं उघडला नाहीये. पहिल्या छपाईचा आहे का, बघता जरा?"

डॉक्टरांनी खिशातून भिंग काढले. त्यांनी निदान खिशातून भिंग काढायला नको होते, असे माझे मत आहे.

*

पुस्तिका बिघडवल्यापासून मेधाताई मंडळात यायच्या, पण माझ्याकडे काही तपासायला देत नसत. मी ठरवले की, पुढे कोणाच्या हातून असे होऊ नये यासाठी, आणि अर्थातच माझ्या जन्मभराच्या इच्छेसाठी, एक पुस्तक लिहायचे. 'आद्य प्रतींची ओळख', पाने बत्तीस. शंभर प्रती. मुद्रिते डॉक्टर वाचून देतो म्हणाले, पण मी ती कोणाला दाखवली नाहीत. चार वेळा स्वतः वाचली. विरामचिन्हांची एकही चूक राहिली नाही, हे आजही ताठ मानेने सांगतो.

प्रकाशन दवाखान्यातच झाले. प्रत्येक प्रत छापखान्याने पारदर्शक पिशवीत घालून चिकटवून दिली होती. पहिली प्रत मी सर्वांसमक्ष सुमनला दिली. टाळ्या वाजल्या. मेधाताईंनीही वाजवल्या, मी मुद्दाम पाहिले.

दोन दिवसांनी मी सुमनला सहज विचारल्यासारखे विचारले, "वाचलेस का?"

"हो."

"कसे वाटले?"

"छान झालंय. शेवट तर फारच आवडला."

शेवटी स्क्रूंच्या मापांचा तक्ता होता. तो आवडलेली वाचक मला पहिल्यांदाच भेटत होती, म्हणून मी अधिक खोलात शिरलो नाही. खरे सांगायचे तर त्या रात्री समाधानापोटी मला झोपच लागली नाही. एक्केचाळीस वर्षांनी आमच्या घरात माझ्याशिवाय कोणीतरी एक पुस्तक वाचले होते, आणि ते माझे होते.

*

आठवड्याभरात संतोषचा फोन आला.

"काका, तुमचं पुस्तक वाचलं. एक नंबर. फक्त माझे सगळे पहिल्या प्रिंटचे डबे दुसऱ्या प्रिंटचे निघाले. आता दुसऱ्या प्रिंटचे विकत घेऊन त्यांना पहिले करू का?"

मी चौदावे पान उघडले. दोन छायाचित्रे होती. वर आद्य प्रतीचा गोल शिक्का असायला हवा होता, खाली नंतरचा लांबट. छापखान्यात चित्रांची अदलाबदल झाली होती. मी चार वेळा अक्षरे वाचली होती. चित्रे पाहिलीच नव्हती. मजकुरात 'शिक्का गोल असतो' असे लिहिले असते, तरी निभावले असते. मी लिहिले होते, 'शिक्क्याचा आकार वरील छायाचित्रात दर्शविल्याप्रमाणे असावा.' त्या वाक्याचा मला अभिमान होता.

मग मी यादी केली आणि ठाण्यापासून कल्याणपर्यंत रिक्षाने फिरून एकेक प्रत गाठली. दोन बाण काढायचे, 'ही चित्रे परस्परांच्या जागी समजावीत' असे लिहायचे, खाली सही आणि तारीख. एक प्रत तर ग्रंथालयात पोहोचली होती. ग्रंथपालांनी मला पुस्तकात लिहिताना पकडले आणि दंडाची पावती फाडायला घेतली. मुखपृष्ठावरचे नाव माझेच आहे हे पटवायला मला पेन्शनचे ओळखपत्र दाखवावे लागले.

कोपरला मेधाताईंच्या दारात उभा राहून मी पेन काढले, तेव्हा त्यांनी हात पुढे केला.

"द्या इकडे. या वेळी मी करते."

त्यांनी बाण काढले, वाक्य लिहिले, खाली स्वतःची सही केली आणि पेन परत दिले. "तुमच्याइतकं छान अक्षर नाही माझं. बसा, चहा टाकते."

मी बसलो. दोन कप घेतले.

अशा नव्याण्णव प्रती दुरुस्त झाल्या. शंभरावी सुमनची. ती मी सोडली. तिने पुस्तक वाचले होते, तिला आवडले होते, आणि चूक तिच्या लक्षात आली नव्हती. ती आपण होऊन दाखवण्याइतका मोठेपणा माझ्यात नाही.

*

छापखान्याने चूक मान्य करून चित्रे जागेवर असलेल्या शंभर प्रती नव्याने छापून दिल्या. मला वाटले, प्रकरण मिटले.

गेल्या महिन्याच्या बैठकीत डॉक्टरांनी काचेच्या कपाटातला एक कप्पा रिकामा केला. मंडळाकडे असलेल्या सर्व पहिल्या छपाईच्या वस्तूंशेजारी माझे पुस्तक ठेवायचे ठरले होते. मला भरून आले. मी पिशवीतून नवी प्रत काढली.

"ही नको काका," डॉक्टर म्हणाले. "ही दुसरी छपाई. आम्हाला चित्रं उलटी असलेली हवी."

मी पिशवीतली जुनी प्रत काढली.

"हिच्यावर तर तुम्ही पेनाने लिहिलंय," संतोष म्हणाला. "खराब झाली ना ती. कल्याणचे दोघं-तिघं पण विचारतायत, कोरी आहे का म्हणून."

मेधाताई इतक्या शांतपणे माझ्याकडे पाहत होत्या, की मी कपाटाकडे पाहू लागलो. आद्य प्रतींवर बत्तीस पाने लिहिणाऱ्या माणसाने स्वतःच्या आद्य प्रती रिक्षाने फिरून, एकेक करून, सुवाच्य अक्षरात नष्ट केल्या होत्या.

"एक आहे," मी म्हणालो. "घरी. वाचलेली आहे, पण कोरी आहे."

चौघेही पायीच आमच्याकडे निघालो. वाटेत मी मनाशी वाक्य जुळवत होतो, कारण आता सुमनला चौदाव्या पानाविषयी सांगणे भाग होते.

सुमन आत गेली. माळ्याखाली स्टूल सरकवल्याचा आवाज आला. ती परत आली तेव्हा तिच्या हातात माझे पुस्तक होते. डॉक्टरांनी ते खिडकीपाशी नेले, भिंग लावले, पारदर्शक पिशवीच्या चारही कडा सावकाश फिरवून पाहिल्या.

"काका," ते हळू आवाजात म्हणाले, "सील तसंच आहे. हिला हातच लागलेला नाही."

संतोष छताकडे पाहू लागला. मेधाताईंनी पदर तोंडाला लावला. मी सुमनकडे पाहिले.

"असं बघताय काय?" ती म्हणाली. "उघडलं की किंमत उतरते, हे तुम्हीच सांगितलंत ना?"