वीस अंशांची खोली

माझी भाची आठ वर्षांची असताना पिंपरीला आली. घरातले सगळे म्हणत, ‘परत आली’. दादा आणि वहिनी परत आले होते, हे खरं. जर्मनीतल्या एका लहान शहरात नऊ वर्षं काढल्यावर दादाने चाकणच्या एका कारखान्यात नवी लाइन उभारण्याचं काम स्वीकारलं होतं. मुलगी मात्र तिथेच जन्मली होती, तिथेच चालायला आणि वाचायला शिकली होती. तिच्या दृष्टीने ती आपला देश सोडून परदेशात राहायला आली होती, आणि त्या परदेशाचं नाव संत तुकाराम नगर होतं. हा साधा फरक लक्षात यायला मला चार महिने लागले. मोजमाप हाच माझा व्यवसाय असल्यामुळे ही कबुली मी जरा संकोचानेच देते आहे.

त्याच औद्योगिक पट्ट्यातल्या दुसऱ्या एका कारखान्यात मी मापन प्रयोगशाळेत काम करते. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर इथे लागले, आणि तिशीच्या आत विभागप्रमुख व्हायचं हे मी कोणापासून लपवलेलं नव्हतं. आमच्याकडे गिअरबॉक्सची ओतीव आवरणं येतात. त्यांची भोकं, अंतरं आणि सपाटी केसाच्या जाडीच्याही कित्येक पट बारीक मापात तपासून ‘पास’ किंवा ‘नापास’ ठरवणं हे माझं काम. दिवसभर हे केलं की संध्याकाळी घरातल्या गोष्टीही तशाच दिसू लागतात.

जूनमध्ये भाचीला जवळच्या शाळेत तिसरीत घातलं. ऑगस्टमध्ये वर्गशिक्षिकेने वहिनीला बोलावून घेतलं. मुलगी लिहिते व्यवस्थित, गणितात तर वर्गाच्या पुढे आहे, पण पहिले दोन दिवस सोडले तर तिने शाळेत तोंडातून एक शब्द काढलेला नाही. शिक्षिकेशी नाही, मुलांशी नाही, मराठीत नाही, इंग्रजीतही नाही. सहामाहीची तोंडी परीक्षा दिवाळीच्या आधी होती. तोवर ती बोलली नाही, तर तिला पहिलीत बसवावं असं शाळेचं मत होतं, म्हणजे भाषा पायापासून पक्की होईल.

हे सांगताना वहिनी स्वयंपाकघरात रडली. भाची दारातच उभी होती. ती वयाच्या मानाने उंच आहे. घरी ती मराठीत बोलायची, अधूनमधून जर्मन शब्द पेरत. तिने एवढंच विचारलं, “पहिलीतले बाक छोटे असतात ना?”

दादाच्या नव्या लाइनवर चाचणीचं उत्पादन सुरू होतं. तो घरी फक्त झोपायला यायचा. मी म्हटलं, “माझ्याकडे सोपवा.”

कारखान्यात एखादा दोष सापडला की आम्ही ‘का’ हा प्रश्न पाच वेळा विचारतो. प्रत्येक उत्तराला पुन्हा ‘का’ लावत गेलं की मुळाशी पोहोचता येतं, असा सिद्धान्त आहे आणि लोखंडाच्या बाबतीत तो बहुधा खरा ठरतो. मी भाचीला समोर बसवून विचारलं, शाळेत का बोलत नाहीस? तिने खांदे उडवले. भीती वाटते का? का वाटते? तिसऱ्या ‘का’ला ती उठून आतल्या खोलीत गेली. घरात मोठ्या माणसाने ‘का’ विचारलं की तो प्रश्न राहत नाही, जाब होतो, हे मला तेव्हा सुचलं नाही. मी पद्धत बदलली आणि फ्रिजवर एक तक्ता चिकटवला. आडवे दिवस, उभी वाक्यांची संख्या. शाळेत दिवसभरात जितकी वाक्यं बोलशील तितक्या उंचीवर टिंब काढायचं, टिंबं रेषेने जोडायची.

आई म्हणाली, “आता दारावर पंचिंगचं मशीन तेवढं लाव. घराचा अगदी कारखाना केलास.”

“आई, आकड्यांशिवाय सुधारणा दिसत नाही.”

“तू तीन वर्षांची होईपर्यंत बोलत नव्हतीस. मी कुठे टिंबं काढत बसले होते?”

मी दुर्लक्ष केलं. एवढ्यावरच न थांबता शाळेच्या व्हॅनवाल्या काकांनाही कामाला लावायचं ठरवलं. काका चाकणजवळच्या एका गावचे. बरीचशी शेती कारखान्यांखाली गेली, उरलेली त्यांचा भाऊ कसतो आणि ते काळेवाडीत राहून व्हॅन चालवतात. भाची शेवटी उतरायची, म्हणून तिची जागा त्यांच्या शेजारी पुढे. जाता-येता ते तिच्याशी एकतर्फी बोलत राहायचे: कांद्याला पाणी कधी द्यायचं, भावाची म्हैस कशी लाथ मारते, सिग्नलला समोरचा टेम्पोवाला कसा चुकला. ती नुसती ऐकायची.

मी म्हटलं, “काका, बोलताच आहात तर रोज पाच नवे शब्द शिकवा ना तिला. आणि संध्याकाळी विचारून घ्या.”

“त्ये न्हाई जमायचं बाई,” काका म्हणाले. “इचारायचं काम साळंचं. मी आपला गाडी चालवतो.”

मला तो माणूस निरुपयोगी वाटला.

तक्ता मात्र चालू लागला. पहिल्या आठवड्यात शून्याची टिंबं, मग एक, दोन, मग तीन. सप्टेंबरच्या मध्याला सात. भाची शाळेतून आली की हातपाय धुऊन आधी फ्रिजपाशी जायची आणि टिंब काढून माझ्या येण्याची वाट बघायची. आज कोणाशी बोललीस, असं विचारलं की तपशीलही द्यायची. एक मुलगी आहे, तिच्याकडे दोन मांजरं आहेत, तिने माझं खोडरबर मागितलं, मी म्हटलं घे. मी दादाला तक्त्याचा फोटो पाठवला. शाळेला आपणहून फोन करून म्हटलं, “आता पहिलीचा विषय बंद करायला हरकत नाही.”

“मॅडम,” शिक्षिका म्हणाल्या, “तुम्ही नक्की कोणाबद्दल बोलताय? ती आजही एक शब्द बोललेली नाही.”

त्या संध्याकाळी मी तो तक्ता पहिल्यांदा नीट पाहिला. आमच्याकडे मशीनवरच्या कामगाराने तासातासाला एक नग मोजून तक्त्यात आकडा लिहायचा असतो. काही जण शिफ्ट संपताना आठही चौकोन एका बैठकीत भरतात. असा कागद मी दहा फुटांवरून ओळखते. पेन एकच, अक्षराचा कल एकच, आणि मुख्य म्हणजे आकडे फार शहाण्यासारखे वागतात. खरी मापं वर-खाली उडतात, कधी विनाकारण घसरतात. मी हटकलं की समोरचा हसतो, “मॅडम, पार्ट तर ओके आहेत ना राव!” फ्रिजवरची रेषा एकदाही खाली आलेली नव्हती. एका आजारी सोमवारीही चार वाक्यं होती. त्या सोमवारी ती शाळेत गेलीच नव्हती.

मी तिला जवळ बोलावलं. रागवायचं नाही असं ठरवलं होतं, आणि आवाजही बहुधा ठीक होता. म्हटलं, “हे खोटं आहे ना?”

ती पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “रेषा वर गेलेली तुला आवडते.”

त्यानंतर काही दिवस मी तिच्याशी कामापुरतं बोलले. रागावले होते म्हणून नव्हे, काय बोलावं ते सुचत नव्हतं म्हणून. तक्ता तसाच राहिला. टिंबं थांबली. तोंडी परीक्षा तीन आठवड्यांवर आली.

खंडेनवमीला आमच्या कारखान्यात घरच्यांना आत सोडतात. आदल्या शिफ्टमध्ये सगळी मशीन्स पुसून लख्ख होतात, त्यांना झेंडूच्या माळा चढतात, पाने-हातोड्यांना कुंकू लागतं, आणि पूजा झाल्यावर त्या दिवशी कोणी कशाला हात लावत नाही. वहिनीला बरं नव्हतं, म्हणून भाचीला मी एकटीच घेऊन गेले. कामगारांची मुलं पेढे खात लाइनमधून पळत होती. ती माझा हात धरून गप्प चालत होती. कोणीतरी कौतुकाने म्हणालं, “हीच का जर्मनीवाली?” तिची बोटं माझ्या हातात आवळली गेली.

मी तिला प्रयोगशाळेत आणलं. आमच्या खोलीत फुलं आणि कुंकू चालत नाही, धूळ होते. काचेच्या दाराला बाहेरून एक माळ असते, तेवढीच. आत दोन दरवाजे ओलांडून जावं लागतं आणि दुसरा बंद झाला की बाहेरचा गोंगाट संपतो. ती दारातच थांबली आणि तिने मोठा श्वास घेतला. मग भिंतीवरचा आकडा वाचला.

“वीस?”

“नेहमी वीस अंश. उन्हाळ्यातही.”

“तिकडे पण?”

“जगात सगळीकडे. मापं घ्यायची ती वीस अंशांवर, असं ठरलेलं आहे.”

तिला ते फार आवडलं. “मग ही खोली तिकडची आहे,” ती म्हणाली.

ग्रॅनाइटच्या टेबलाशेजारी सात-आठ आवरणं ओळीने ठेवलेली होती. ती त्यांच्यासमोर बसली.

“ही नापास झालीत?”

“नाही. ती नुसती ठेवलीत. बाहेरून येतात तेव्हा गरम असतात. धातू गरम असला की फुगतो, तेव्हा मोजलं तर माप चुकीचं येतं. म्हणून या खोलीइतकी थंड होईपर्यंत ठेवायची.”

“किती वेळ?”

“लहान असेल तर दोन-तीन तास. हे मोठं आहे ना, याला अख्खी रात्र.”

“आणि कोणी घाई केली तर?”

“तर चांगला नगही नापास ठरतो. मग तो भंगारात जातो.”

मग तिने सर्वांत मोठ्या आवरणावर तळहात ठेवला. एरवी मी कोणालाही हे करू देत नाही, हाताच्या उबेनेही माप बदलतं. त्या दिवशी काही मोजायचं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मला त्या क्षणी स्वतःची इतकी लाज वाटत होती, की तिला अडवण्याचं सुचलंही नाही.

तसाच हात ठेवून ती सांगू लागली. मी विचारलं नव्हतं. शाळेच्या पहिल्या दिवशी शिक्षिकेने वर्गाला सांगितलं, ही जर्मनीहून आलीय. मुलं म्हणाली, जर्मनमध्ये काहीतरी बोलून दाखव. तिने वाक्य म्हटलं, माझं नाव अमुक, मी आठ वर्षांची आहे. सगळे हसले. वाईट नाही हसले, ती म्हणाली, छान हसले. मग दुसऱ्या तुकडीच्या बाई आल्या, त्यांना दाखवायला पुन्हा तेच वाक्य. मधल्या सुट्टीत चौथीची मुलं आली. दुसऱ्या दिवशी तिला शिक्षकांच्या खोलीत नेलं. “ते माझं नाव ऐकत नव्हते,” ती म्हणाली. “नुसता आवाज ऐकत होते.” तिसऱ्या दिवशी तिने तोंड मिटलं, आणि मिटलेलं तोंड उघडायची वेळ मग रोज पुढे पुढे जात राहिली. आता उघडलं की सगळे पुन्हा बघणार.

दसऱ्यानंतर शाळा उघडली त्या दिवशी मी अर्धी रजा टाकून शिक्षिकेला भेटले. तोंडी परीक्षा पुढे ढकला, आणि तिला कोणी काही बोलून दाखवायला सांगू नका, एवढंच मागितलं.

“किती दिवस थांबायचं?” त्यांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. माझ्याकडे आकडा नव्हता. असा प्रसंग माझ्यावर क्वचितच येतो.

“माहीत नाही,” मी म्हटलं.

त्या मुख्याध्यापिकांशी बोलून आल्या. “नाताळपर्यंत. त्यानंतर माझ्या हातात नाही.”

घरी येऊन तक्ता काढला. फ्रिजवर चिकटपट्टीचे चार ठसे उरले, ते आईने रॉकेलच्या बोळ्याने पुसले आणि त्याबद्दल एकही शब्द बोलली नाही, जे तिच्या स्वभावात बसत नाही. पुढचे दीड-दोन महिने मी काहीही केलं नाही. हे वाक्य लिहायला सोपं आहे. रोज संध्याकाळी भाची घरात यायची आणि मी ‘आज शाळेत काय झालं’ हा प्रश्न गिळून चहा टाकायची. कधी ती आपणहून म्हशीची बातमी द्यायची. म्हैस गाभण होती.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मला कामावर असताना शिक्षिकेचा फोन आला. मी प्रयोगशाळेतून बाहेर येऊन तो घेतला. त्या हसत होत्या. चौथ्या तासाला बाकावरच्या शेजारणीने वह्या पसरल्या होत्या. तिचं कुटुंब लातूरकडचं, मुलगी ऐसपैस बसणारी. भाचीने दोनदा कोपराने ढकलून पाहिलं आणि मग सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “ए, सरक की तिकडं! ही जागा माझी हाय.”

“मग?”

“मग काय, वर्ग चिडीचूप. शेजारीण म्हणाली, बरं बाई, आणि सरकली. मी फळ्यावर लिहीत होते, लिहीतच राहिले. वळले नाही.” मग त्या म्हणाल्या, “तिसरीतच राहील ती. पण एक विचारू का? तुमच्या घरी असं बोलतात?”

आईला सांगितलं तर ती कपाळाला हात लावून बसली. कित्येक वर्षं दर रविवारी फोनवर नातीला शुद्ध मराठी शिकवण्याचे तिचे कष्ट पाण्यात गेले होते. वहिनी मात्र हसता हसता रडत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम खाली गेले. व्हॅन आली. काकांना बातमी कळलेली होती, व्हॅनमधल्या पोरांनी ती आदल्या दिवशीच पोचवली होती. त्यांनी आतूनच पुढचं दार ढकलून उघडलं.

“काय बाय, सरकली का ती?”

“व्हय,” भाची म्हणाली, आणि दप्तर मांडीवर घेऊन तिने दार स्वतःच लावून घेतलं. “म्हैस व्याली का?”